शेवटचे दिसल्याची वेळ

शुक्रवारी दुपारी गुलेले वस्तीच्या चढावरच्या नेहमीच्या दुकानात, उपवासाचा वार म्हणून दुधाशिवाय मागवलेल्या कॉफीचा पेला ओठांपर्यंत गेला असताना, झेरिहुनच्या फोनवर एक ओळ उमटली: यारेदने तुम्हाला गटात सामील केले आहे. यारेद हा त्याच्या मेहुणीचा मुलगा. तो बँकेत कामाला होता, आणि लग्न असो की कोणाच्या पायाचे प्लास्टर, प्रत्येक निमित्ताचा एक गट काढण्याची त्याला खोड होती. ह्या गटाचे नाव 'गाशे झेरिहुनला सांगणे' असे होते. गाशे म्हणजे दादा. घरातली नि आळीतली धाकटी माणसे त्याला तसेच म्हणत. काय सांगणे, हा प्रश्न मनात नीट उभा राहण्यापूर्वीच त्याच्या डोळ्यांदेखत संदेश येऊन पडू लागले. 'उद्या शनिवारीच, उजाडता उजाडता. रविवारवर ढकलू नका.' 'गोळी वुबितने आजच रात्री द्यावी. नर्स माझ्या गाडीत येईल.' 'तोवर त्याच्या हाती फोन राहता कामा नये.' आणि मग: 'अरे गाढवा यारेद, हे कोणाला आत घेतलंस?' त्यानंतर ती सारी वाक्ये, दिव्यावर फुंकर मारावी तशी, एकेक करून विझली. त्यांच्या जागी 'हा संदेश पुसला आहे' ही ओळ पुन:पुन्हा उमटली. आणि अखेरीस त्याला गटातून बाहेर काढल्याचे त्याच यंत्राने त्याला सभ्यपणे कळवले. झेरिहुनने पेला बशीत ठेवला.

कोणीतरी मेले होते, एवढे स्पष्ट होते. कोण, ते कळले नव्हते, कारण गटात उशिरा येणाऱ्याला आधीचे बोलणे दिसत नाही, आणि नाव आधीच बोलून झाले असणार. मेलेल्याचे नाव माणसे एकदाच घेतात आणि मग व्यवस्थेकडे वळतात. ह्या शहरात मृत्यूची बातमी भर दुपारी, रस्त्यात किंवा फोनवर सांगत नाहीत. जवळची माणसे गुपचूप जमतात, एक रात्र त्या माणसाला पोटभर जेवू आणि झोपू देतात, आणि पहाटे त्याच्या दाराशी येऊन उभी राहतात. पांढऱ्या शालींची किनार तोंडाभोवती उलटी घेतलेली ती माणसे एकत्र दिसली, की शब्दांआधीच त्याला समजते. ह्याला मेर्दो म्हणतात. झेरिहुनने तीस वर्षे रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या, आणि बातमीइतकीच ती सांगण्याची रीत महत्त्वाची असते, हे त्याच्या आयुष्यातले एकमेव मत होते ज्याबद्दल त्याने कधी कोणाशी तडजोड केली नव्हती. जे जसे सांगितले जाते तसेच ते घडलेले असते, असे तो म्हणे. आणि आता त्याच्यावर येऊ घातलेल्या दु:खाची कच्ची चिठ्ठी त्याला मिळाली होती. वाचणाऱ्याच्या नावासकट, वेळेसकट, नर्सच्या गाडीसकट, फक्त मूळ मजकूर सोडून. त्याला प्रथम जे वाटले ते भय नव्हते. तो संताप होता, आणि तो इतका स्वच्छ होता की त्याला त्याचा आधार वाटला.

त्याने मेर्दो पाहिला होता. तो देस्ये गावी शाळेत असताना त्याचे वडील आसाबच्या रस्त्यावर ट्रकसकट दरीत गेले. ती बातमी आळीला आदल्या दुपारीच कळली होती, आणि त्या दुपारी शेजारणी आईला मिरच्या कुटू लागायला म्हणून आल्या होत्या. कधी येत नसत इतक्या आल्या. मुसळांचा ठेका, ठसका, हसणे, कोणाच्या तरी सासूची नक्कल. आणि आई त्या सगळ्यांत, हातांना तांबडी पूड लागलेली, कपाळावरचा घाम मनगटाने पुसत, उद्या तुमचा भाऊजी येईल तेव्हा त्याला ह्यातलीच पहिली चटणी वाढीन म्हणत होती. त्या बायकांपैकी एकीचाही आवाज चिरकला नव्हता. पहाटे अंगणात पुष्कळ पावलांचा आवाज झाला तेव्हा झेरिहुन आणि धाकटा असेगिद एकाच पांघरुणात होते, आणि असेगिद, ज्याला काहीच कळले नव्हते, बाकीचे रडतात म्हणून सगळ्यांत मोठ्याने रडला होता. पुढे कितीतरी वर्षांनी आई म्हणाली, 'त्या रात्रीपुरता त्यांनी मला माझा नवरा उसना दिला.' ती हे उपकाराच्या सुरात म्हणाली होती. ते गुपित त्या बायकांनी आपल्या अंगात वागवले होते, गर्भ वागवावा तसे. त्यांच्या पाठी त्या भाराने दुखल्या असणार. आणि ह्या लोकांनी ते कुठे ठेवले होते? खिशात. जे खिशात ठेवले आहे ते बोटाच्या एका चुकीने सांडते, आणि सांडल्यावर ज्याने सांडले त्याला गाढव म्हणून पुसून टाकता येते.

तो दुकानातून उठला नाही. घरी जाऊन बायकोला विचारले असते तर वुबितने एका वाक्यात सांगितले असते किंवा एका वाक्यात खोटे बोलली असती; दोन्ही त्याला नको होते. विचारणे म्हणजे भीक मागणे होते. त्याऐवजी त्याने तेच केले ज्याचा त्याला इतरांत तिटकारा होता: ज्या ज्या माणसाच्या मरणाने लोक त्याच्या दाराशी पहाटे येतील, त्या त्या माणसाचे नाव फोनवर उघडून, तो शेवटचा केव्हा दिसला ती वेळ तो पाहू लागला. इथे लोक तास उजाडण्यापासून मोजतात आणि फोन परक्यांप्रमाणे मध्यरात्रीपासून मोजतो, त्यामुळे प्रत्येक आकड्यातून सहा तास वजा करावे लागत. माणूस जिवंत आहे की नाही हे वजाबाकीने शोधावे लागते ह्याची त्याला किळस आली, आणि तरी तो वजा करीत राहिला. मुलगा नाओद, कॅल्गरीला: आत्ता हजर. मुलगा यादीतून सुटला, आणि लगेच मनात आले की मुलगा हजर आहे, त्याला ठाऊक आहे, आणि तो ह्या घटकेला त्याच गटात बसून बापाच्या रक्तदाबाची चर्चा करतो आहे. चुलते, काल रात्री. आत्येबहीण, आज सकाळी. मग त्सेदाले, त्याची बहीण, वीस वर्षे मेरीलँडमध्ये म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करणारी, जी रोज न चुकता मेरीमातेचे एक भडक चित्र सर्व नातलगांना पाठवीत असे आणि ज्या चित्रांना त्याने आजवर एकदाही उत्तर दिले नव्हते. त्सेदाले: मंगळवार.

मंगळवार. त्याने मागे जाऊन पाहिले. सोमवारचे चित्र होते, निळ्या झग्याची, डोळे वर लावलेली मेरीमाता, भोवती गुलाब. त्यानंतर काही नाही. मंगळवारचे, बुधवारचे, गुरुवारचे चित्र आले नाही आणि त्याच्या लक्षातही आले नाही. माणूस रोज दार ठोठावतो, आपण उघडत नाही, आणि ठोठावणे थांबले तर शांतता बरी वाटते. तिची मुद्रा आठवण्याचा त्याने प्रयत्न केला, तर समोर आली ती मेरीमातेच्या चित्राशेजारची नखाएवढी तसबीर, आणि त्या तसबिरीतही तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. खरी त्सेदाले कुठे तरी मागे होती: विहिरीवरून येताना घागर न हिंदकळवता जीभ काढून दाखवणारी, असेगिदला पाठीला बांधून अभ्यासाला बसणारी. दोन्ही भावांच्या मध्ये तीच बसे. आता त्याला असेगिद आठवला, आणि आठवला तो कडवटपणानेच. देस्येला असेगिदकडेही उद्या कोणी तरी जाईल. तिथेही दार वाजेल. आणि तो, लहानपणी जसा रडला तसाच, सगळ्यांहून मोठ्याने रडेल, आणि लोक म्हणतील, पाहा, माया होती ती धाकट्यालाच.

असेगिदशी त्याचे बोलणे तुटून तीन वर्षे झाली होती, आणि तेही ह्याच यंत्रावर तुटले होते. लढाईच्या त्या वर्षी जो तो आपल्या बाजूची प्रेते दाखवीत होता. असेगिदने घरच्या गटात एक चलच्चित्र टाकले, खाली चार ओळी लिहिल्या, रडून लिहिल्यासारख्या. झेरिहुनने सर्व नातलगांसमक्ष उत्तर दिले: हे चित्र दुसऱ्या देशातले आहे, दुसऱ्या वर्षातले आहे, आणि घराच्या गटात अफवा पसरवणाऱ्याने आधी खात्री करून घ्यावी. ते अक्षरश: खरे होते. असेगिदने लिहिले, 'गाशे, तू जन्मभर दुसऱ्याने लिहून दिलेलं वाचलंस. माझ्या शेजारचं पोर गेलंय रे. मला चित्र कुठलं सापडलं ते मी टाकलं.' ह्यावर झेरिहुनने आणखी तीन मुद्दे मांडले होते. चौथा सुचला तेव्हा त्याने असेगिदचा मार्गच बंद करून टाकला, म्हणजे त्याचे संदेश येणार नाहीत, आणि त्याचे नाव उघडले तर वेळ दिसणार नाही, चेहरा दिसणार नाही, फक्त करडे वर्तुळ दिसेल. आता त्याने ते उघडलेही नाही. मेलेल्यांच्या यादीत जो येऊ शकतो तो आपला माणूस असतो, आणि ज्याला आपणच पुसले आहे तो कसा मरेल, असा काहीसा हिशेब त्याच्या मनात होता. त्याने तो शब्दांत मांडला नाही, नाहीतर त्याला त्यातली चूक दिसली असती.

तो घरी आला तेव्हा वुबित दारातच होती. ती कधी दारात नसे. पेटवलेल्या शेगडीवर तिने कॉफीचे हिरवे दाणे भाजायला घेतले होते, तिन्हीसांजेपूर्वीच, पाहुणे नसताना. आणि आत स्वयंपाकघरात मुलुगेताची बायको कांदे चिरीत होती. मुलुगेता स्वत: दिवाणखान्यात बसला होता. रेडिओवर वीस वर्षे तो काचेपलीकडे बसून झेरिहुनचा आवाज मुद्रित करीत असे.

"आलात?" वुबित म्हणाली. "फोन द्या इकडे, लावते चार्जिंगला."

"भरलेला आहे."

"असू दे हो. त्या डॉक्टरनं काय सांगितलंय, महिनाभर डोक्याला ताप नको. द्या."

त्याने दिला. तिने तो पदराखाली नेला, एखादे चोरलेले अंडे न्यावे तसा. महिनाभरापूर्वी त्याच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. तेव्हापासून घरातला प्रत्येक जण त्याच्याशी कपाटावरच्या बरणीसारखा वागत होता. तो मुलुगेतासमोर बसला आणि त्याने त्याचा चेहरा निरखायला सुरुवात केली. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्याने तो असा कधी निरखला नव्हता.

"आज इकडे कसा काय?" त्याने विचारले.

"तुझी आठवण आली."

"शुक्रवारी?"

"आठवण काय वार बघून येते? तुझ्या घरात कॉफी भाजल्याचा वास आमच्या घरापर्यंत आला."

"तुझं घर तीन डोंगर पलीकडे आहे."

"नाक लांब आहे माझं. बायकोला विचार."

त्याच्या खिशात फोन गुरगुरला. त्याने तो काढला नाही. पुन्हा गुरगुरला.

"घे की," झेरिहुन म्हणाला. "कोणी तरी काकुळतीला आलेलं दिसतंय."

"बायको असेल. कधी येताय विचारतेय."

"तुझी बायको माझ्या स्वयंपाकघरात कांदे चिरतेय."

आत कांदे चिरण्याचा आवाज थांबला होता. झेरिहुनला ह्या क्षणी एक तीव्र, जवळजवळ गोड समाधान मिळाले. त्याला वाटले होते की त्याला उत्तर हवे आहे; पण त्याला हवे होते ते हेच, ह्या माणसांना आपल्या खोट्यात तडफडताना पाहणे. ते त्याच्यावर दया करीत होते, आणि दया करणारा नेहमी वरून पाहतो. आईच्या अंगणातल्या बायका वरून पाहत नव्हत्या. त्या तिच्याबरोबर जमिनीवर बसून मिरच्या कुटत होत्या. ह्या लोकांनी मात्र आधी आपसांत रडून घेतले होते, एकमेकांना रडके चेहरे आणि जोडलेले हात पाठवून झाले होते, त्याची बहीण वाटून घेतली होती, आणि आता शिळे तुकडे त्याच्या ताटात वाढायला ते पहाटे येणार होते. वुबित कॉफी ओतीत होती. तिची पापणी सुजली होती. ती म्हणाली कांद्याने.

"कांदे तर ती चिरतेय," तो म्हणाला.

"तुम्ही ना," वुबित म्हणाली, आणि हसण्यासाठी तिला इतका प्रयास पडला की त्याने नजर वळवली. पण दया त्याला आली नाही. जेवण झाल्यावर तिने गोळी आणली, नेहमीची आणि तिच्याजवळ आणखी एक, छोटी, पिवळी. "डॉक्टरनं वाढवली," ती म्हणाली. त्याने ती जिभेखाली धरली, पाणी प्याला, आणि मोरीत जाऊन थुंकली. कडूपणा बराच वेळ राहिला.

उजाडण्याची वाट त्याने डोळे मिटून पाहिली, आणि त्या वेळात त्याने एक ठरवले. ते ठरवणे त्याच्या संतापाचेच अपत्य होते, पण त्याला ते न्यायाचे वाटले. हे लोक आत येतील, रांगेने उभे राहतील, कोणी तरी वडीलधारा घसा खाकरील. त्याआधीच तो नाव घेईल. मला ठाऊक आहे, तो म्हणेल. त्सेदाले गेली. मंगळवारी गेली. तुम्ही मला काय सांगायला आलात? मग त्यांच्या हातात त्यांची शाल राहील आणि तोंडात काही नसेल. निदान बहीण तरी तो त्यांच्याकडून परत घेईल. तो बिछान्यात पडून तिच्यासाठी मुकाट रडला, थोडा, आणि ते रडणे त्याला खरे वाटले, कारण ते कोणी पाहिले नव्हते.

खिडकीची चौकट राखाडी झाली तेव्हा तो उठून, तोंड धुऊन, जाड पांघरूण खांद्यांवर घेऊन बाहेरच्या खोलीत ताठ खुर्चीवर बसला. शेजारचे अंथरूण रिकामे होते. वुबित केव्हाच उठून त्यांना फाटक उघडायला गेली होती. मग अंगणात ती पावले वाजली. पुष्कळ पावले, मुद्दाम हळू टाकलेली, वाळूवर घासणारी. दार ढकलले गेले आणि ते आत आले: आळीच्या अंत्यविधी मंडळाचे प्रमुख, मुलुगेता, नर्स, चार-पाच चुलत भाऊ, त्यांच्या बायका, किनारी उलट्या गुंडाळलेल्या, आणि एका बाजूला यारेद, छातीशी उभा धरलेला फोन, पडद्यावर हलणारे छोटे उजेड. झेरिहुन उभा राहिला.

"मला ठाऊक आहे," तो रेडिओवरच्या आवाजात म्हणाला. "त्सेदाले."

"मी इथं आहे, गाशे," कोणी तरी म्हणाले.

बायकांच्या मागून ती पुढे आली. स्थूल झालेली, पाय सुजलेले, प्रवासाने डोळे आत गेलेले, चष्मा नव्हता. ती त्सेदाले होती. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्या पोटातून एक आवाज वर आला, जो त्याला थोपवता आला नाही आणि जो हसणे होता, मोठे, उघडे, पोराचे हसणे. त्याने तिचे दोन्ही गाल हातांत धरले.

"जिवंत आहेस," तो म्हणाला. "अगं, तू जिवंत आहेस. मग काहीच झालं नाही. मग काही झालंच नाही की."

त्सेदालेने त्याचे हात आपल्या गालांवरून हळूच काढले.

"असेगिद," ती म्हणाली. "मंगळवारी, झोपेतच. मी तशीच विमानात बसले, फोन तेव्हापासून बंदच आहे. गुरुवारी देस्येला आम्ही त्याला माती दिली. तुझं हृदय असं, प्रवास नको म्हणाला डॉक्टर, आणि मी आल्यावरच तुला सांगायचं असं सगळ्यांनी ठरवलं. एमेबेत म्हणाली..." तिने यारेदच्या हातातल्या फोनाकडे पाहिले. "एमेबेत म्हणाली, मला बघायचंय. त्याच्यासाठी त्याचा गाशे रडतो की नाही, एवढं मला बघू दे."

तेव्हा झेरिहुनने पडद्यावर पाहिले. तळहाताएवढ्या चौकटीत देस्येची ती खोली होती, जमिनीवरच्या गाद्या, भिंतीला टेकलेल्या बायका, आणि मधोमध असेगिदची बायको एमेबेत, सुतकात कापतात तसे केस कापलेले, डोळे रोखलेले. त्याच्या ओठांवर हसू अजून होते. ते त्याला जाणवत होते, कोणी परक्याने चेहऱ्यावर ठेवलेल्या हातासारखे. ते काढायचे कसे, हे त्याला समजेना. त्याला मुद्दे सुचत होते: त्याला वाटले होते त्सेदाले, वजाबाकीने तसेच निघत होते, कोणालाही तसेच वाटले असते. आणि त्याच वेळी पायाखालून, फार खालून, काही वर येत होते, ज्याला मुद्दे नव्हते, पण ते अजून घशापर्यंत आले नव्हते, आणि ही सगळी माणसे बघत होती.

"बाहेर जा," तो म्हणाला.

"गाशे..."

"सगळे बाहेर जा. पुन्हा या. दार लावा, आणि पुन्हा या."

मुलुगेता काही बोलणार होता. वुबितने त्याच्या दंडाला हात लावला. ते एकामागून एक बाहेर गेले, नर्ससुद्धा, यारेद शेवटी, फोन छातीशी. दार लागले. झेरिहुन खुर्चीवर बसला, पांघरूण नीट केले, चेहरा दोन्ही तळव्यांनी पुसला. बाहेर कोणाच्या तरी हुंदक्याला कोणी तरी गप्प केले. मग पावले पुन्हा वाजली, पहिल्याइतकीच हळू, आणि ते त्याच क्रमाने आत येऊन उभे राहिले. फक्त ह्या खेपेला त्सेदाले पुढे होती.

"असेगिद गेला," ती म्हणाली.

तो किंचाळला. खुर्चीवरून खाली, गुडघ्यांवर आला, कपाळ जमिनीला लागले, आणि त्याच्या तोंडून नाव बाहेर पडले, पुन्हा पडले. बायकांनी त्याच्यावर सूर धरला, हात त्याच्या पाठीवर आले. हे रडणे खरे होते की नीट बसवलेले, हे तो स्वत:लाही सांगू शकला नसता. पण मध्येच त्याने डोके वर केले, आणि पाठींच्या, शालींच्या गर्दीतून यारेदला शोधले. यारेदचे दोन्ही हात रिकामे होते.

"वर धर," झेरिहुन म्हणाला. "अरे, तिला दिसू दे."

"गाशे," यारेद म्हणाला, आणि त्याने खाली पाहिले, "एमेबेतकाकूंनी फोन तेव्हाच बंद केला. तुम्ही हसलात तेव्हा."